व्हर्च्युअल मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, वेर्णा इथल्या लहान कार्यालयांत, कॉलेजांच्या लॅबमध्ये आणि हॉटेलांत आता एकाच सर्व्हरवर चार-पाच व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभी केलेली वेगळी मशीन) चालवणं नेहमीचं झालं आहे. एकीवर बिलिंग, दुसरीवर हजेरी, तिसरीवर फाइल सर्व्हर. हे सगळं सांभाळायला बहुतेक ठिकाणी एकच माणूस असतो. नेटवर्क अधूनमधून अडखळायला लागलं की तो आधी केबल बदलतो, मग स्विच बदलतो आणि शेवटी सर्व्हरवाल्याला फोन करतो. दोष मात्र पुष्कळदा व्हीएमच्या नेटवर्क कार्डाच्या ओळखपत्त्यात, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसमध्ये सापडतो. अशा माणसांकडून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

पत्ते इथे देवनागरीत लिहिले आहेत. त्यातली ए, बी, सी, डी, ई, एफ ही हेक्साडेसिमल अक्षरं आहेत. मशीनवर टाइप करताना अक्षरं आणि आकडे नेहमीप्रमाणे रोमनमध्येच टाइप करायचे.

व्हीएमला खरं नेटवर्क कार्ड नसतं. मग तिला मॅक अ‍ॅड्रेस कशाला लागतो?

व्हीएमच्या आत चालणाऱ्या विंडोज किंवा लिनक्सला समोर एक कार्ड दिसतं आणि ती त्यालाच खरं मानून काम करते. इथरनेटवर फ्रेम, म्हणजे डेटाचा एक तुकडा, पाठवायची तर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक त्यात लिहावाच लागतो. हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारी प्रणाली) सॉफ्टवेअरमध्येच एक स्विच उभा करतो, व्हीएमची कार्डं त्याला जोडतो आणि होस्टच्या, म्हणजे ज्या सर्व्हरवर त्या चालतात त्याच्या, खऱ्या कार्डातून फ्रेम बाहेर सोडतो.

ब्रिज पद्धतीने, म्हणजे थेट कार्यालयाच्या नेटवर्कला, जोडलेल्या व्हीएमची फ्रेम बाहेर पडते ती व्हीएमचाच मॅक घेऊन. त्यामुळे रॅकमधल्या स्विचला सर्व्हरच्या एका पोर्टवर पाच-सहा मॅक दिसतात. हे बरोबरच आहे, त्यात बिघाड शोधू नका. नॅट पद्धतीत, म्हणजे होस्टच्या आडून जोडल्यावर, मात्र बाहेर फक्त होस्टचा मॅक दिसतो.

खऱ्या कार्डाचा पत्ता कोण ठरवतं, आणि व्हीएमचं त्याहून वेगळं काय?

मॅक अ‍ॅड्रेस ४८ बिटांचा, म्हणजे हेक्सच्या सहा जोड्यांचा असतो. पहिल्या तीन जोड्या उत्पादक कंपनी आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नोंदणी विभागाकडून पैसे भरून घेते. पुढच्या तीन ती स्वतः देते. अशा एका प्रीफिक्समागे १,६७,७७,२१६ पत्ते असतात. लहान उत्पादकांसाठी १०,४८,५७६ आणि ४,०९६ पत्त्यांचे छोटे गठ्ठेही मिळतात. एक पत्ता दोन कार्डांवर जाऊ नये, ही जबाबदारी कारखान्याची.

व्हीएमचा पत्ता म्हणजे कॉन्फिगरेशन फाइलमधली एक ओळ. फाइल कॉपी केली की ओळही कॉपी होते. तो पत्ता दुसरीकडे आधीच वापरात आहे का, हे तपासणारा कारखाना इथे नाही. ते काम सर्व्हर सांभाळणाऱ्याचं आहे. या पानावरच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

हायपरव्हायजर आपोआप पत्ता देतो म्हणजे नेमकं काय करतो?

प्रत्येकाची रीत वेगळी आहे, आणि आपल्याकडे कुठला हायपरव्हायजर आहे त्याची रीत माहीत असणं फार उपयोगाचं.

व्हर्च्युअलबॉक्स ०८:००:२७ लावतो आणि पुढच्या तीन जोड्या यादृच्छिक निवडतो. लिनक्सच्या केव्हीएमवर लिबव्हर्ट हे व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर ५२:५४:०० लावून पुढचं यादृच्छिक ठेवतं. झेनचा प्रीफिक्स ००:१६:३ई, पॅरलल्सचा ००:१सी:४२. प्रॉक्समॉक्सच्या नव्या आवृत्त्या बीसी:२४:११ हा स्वतःच्या नावावर नोंदवलेला प्रीफिक्स देतात.

व्हीएमवेअरकडे दोन वाटा आहेत. ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरव्हायजर) होस्ट एकटाच असेल तर पत्ता ००:०सी:२९ ने सुरू होतो आणि शेवटच्या तीन जोड्या व्हीएमच्या यूयूआयडीवरून (तिच्या एकमेव ओळख-क्रमांकावरून) काढल्या जातात. व्हीसेंटर (अनेक होस्ट एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर पत्ता ००:५०:५६ ने सुरू होतो आणि चौथी जोडी ८० ते बीएफ यांमधली असते. हेक्समधल्या ८० मध्ये त्या व्हीसेंटरचा क्रमांक, ० ते ६३ पैकी जो असेल तो, मिळवला की ही जोडी येते. म्हणजे पत्ता बघून तो कुठल्या व्हीसेंटरने दिला हे सांगता येतं. एकाच नेटवर्कवर दोन व्हीसेंटर असतील आणि दोघांचा क्रमांक एकच असेल, तर दोघं एकाच डब्यातून पत्ते वाटत राहतात. दुसरं व्हीसेंटर उभं करताना हा क्रमांक जरूर बघा.

क्यूईएमयू हाताने, कमांड लिहून चालवणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावं : मॅक दिला नाही तर ते दर वेळी ५२:५४:००:१२:३४:५६ हाच पत्ता देतं. एकाच लॅबमध्ये दहा मुलांनी आपापल्या पीसीवर ब्रिज लावून तसंच चालवलं तर दहाही व्हीएम एकाच पत्त्याच्या होतात. कमांडमध्ये मॅक लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

हायपर-व्हीचे पत्ते वेगळ्या प्रकारचे का दिसतात?

मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही यादृच्छिक पत्ता देत नाही. पहिल्या तीन जोड्या ००:१५:५डी. चौथी आणि पाचवी जोडी होस्टच्या आयपीच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून येते. सहावी जोडी ०० ते एफएफ. म्हणजे एका होस्टकडे मुळात २५६ पत्ते.

उदाहरण घेऊ. पणजीच्या मुख्य कार्यालयातल्या होस्टचा आयपी १९२.१६८.१.१०. शेवटचे दोन आकडे १ आणि १०, हेक्समध्ये ०१ आणि ०ए. त्यामुळे तिथल्या व्हीएमचे पत्ते ००:१५:५डी:०१:०ए:०० पासून पुढे. आता मडगावच्या शाखेत ज्याने नेटवर्क लावलं त्यानेही होस्टला १९२.१६८.१.१० हाच आयपी दिलेला असतो, कारण राउटर उघडल्यावर समोर दिसते ती मालिका जशीच्या तशी वापरायची पद्धत सगळीकडे आहे. तिथले पत्तेही ००:१५:५डी:०१:०ए:०० पासूनच. दोन्ही शाखा वेगळ्या आहेत तोवर कुणाचं काही अडत नाही. एक दिवस मडगावचा सर्व्हर खर्च वाचवायला पणजीला आणला जातो. त्याचा आयपी बदलला जातो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. पण मॅकची मालिका हायपर-व्ही बसवताना ठरते, आयपी नंतर बदलला म्हणून ती बदलत नाही. त्याच दिवशी दोन बिलिंग सर्व्हर एका पत्त्याने बोलू लागतात.

उपाय सोपा आहे. हायपर-व्ही मॅनेजरमध्ये व्हर्च्युअल स्विच मॅनेजर उघडा, तिथे मॅक अ‍ॅड्रेस रेंज दिसते. प्रत्येक होस्टची रेंज वेगळी लिहून ठेवा आणि दुसरा होस्ट आणण्याआधी बदला. बदललेली रेंज फक्त नंतर दिल्या जाणाऱ्या पत्त्यांना लागू होते. आधीच्या व्हीएमचे पत्ते तसेच राहतात, ते हाताने बदलावे लागतात. तयार विंडोज सर्व्हरची इमेज हायपर-व्हीसकट अनेक होस्टवर टाकली असेल तरी हीच अडचण येते.

५२:५४:०० हा प्रीफिक्स कुणाच्या नावावर आहे?

कुणाच्याच नाही, आणि त्याला नियमाचा आधार आहे. पत्त्याच्या पहिल्या जोडीतले शेवटचे दोन बिट खास कामाचे असतात. अगदी शेवटचा बिट ० असेल तर पत्ता एका यंत्राचा, १ असेल तर मल्टिकास्टचा, म्हणजे यंत्रांच्या गटाचा. त्याच्या डावीकडचा बिट ० असेल तर पत्ता आयईईईकडे नोंदलेल्या मालिकेतला, १ असेल तर स्थानिक, म्हणजे आपल्या नेटवर्कपुरता आपण ठरवलेला.

५२ बायनरीत मांडा : ०१०१ ००१०. शेवटचा बिट ०, त्याच्या आधीचा १. म्हणजे एका यंत्राचा, स्थानिक पत्ता. एवढं गणित रोज करायला नको. पत्त्यातलं दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता स्थानिक आहे. ते विषम असेल, म्हणजे १, ३, ५, ७, ९, बी, डी, एफ, तर तो मल्टिकास्ट आहे आणि कुठल्याही कार्डाला देता येत नाही.

दुसरं अक्षर २, ६, ए, ई दिसलं म्हणजे ती व्हीएमच का?

नाही. पर्यटनाच्या हंगामात हॉटेलच्या वाय-फायचा लॉग उघडलात तर असे शेकडो पत्ते दिसतील. ते पाहुण्यांचे फोन असतात. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन वाय-फायला जोडताना खऱ्या मॅकऐवजी यादृच्छिक स्थानिक पत्ता वापरतात. उलट बाजूने, व्हीएमवेअर किंवा हायपर-व्हीच्या व्हीएमचा पत्ता नोंदलेल्या मालिकेतला असतो, तो या खुणेने सापडणार नाही.

पत्ता मी स्वतः ठरवून दिला तर चालतो का?

चालतो, आणि कायम राहणाऱ्या सर्व्हरसाठी माझ्या मते तेच करावं. आपोआप मिळालेला पत्ता व्हीएम नव्याने बनवली, दुसऱ्या हायपरव्हायजरवर नेली किंवा तिचं कार्ड काढून पुन्हा घातलं की बदलतो. ठरवून दिलेला पत्ता आपण बदलल्याशिवाय बदलत नाही.

सुरुवात ०२ ने करा. पुढच्या जोड्यांना अर्थ द्या. समजा तिसरी जोडी शाखेची : पणजी ०१, मडगाव ०२, फोंडा ०३. चौथी होस्टची, शेवटची व्हीएमची. मग ०२:००:०१:०३:००:०७ बघताच कळतं की ही पणजीच्या तिसऱ्या होस्टवरची सातवी व्हीएम. ती दुसऱ्या होस्टवर गेली तर पत्ता बदलू नका. जिथे जन्मली तो होस्ट, असं समजा. दुसरी जोडी ४२ ठेवू नका, कारण डॉकर अनेक वर्षं कंटेनरना (व्हीएमहून हलक्या, वेगळ्या कप्प्यांना) ०२:४२ ने सुरू होणारे पत्ते देत होता. त्यात पुढे कंटेनरचा आयपीच हेक्समध्ये लिहिलेला असे : १७२.१७.०.२ चं ०२:४२:एसी:११:००:०२.

व्हीएमवेअरवर हाताने दिलेल्या पत्त्यांसाठी ००:५०:५६:००:००:०० ते ००:५०:५६:३एफ:एफएफ:एफएफ ही मालिका राखून ठेवली आहे. जुन्या ईएसएक्सआयवर तीच वापरा.

पत्ता बदलायचा तो हायपरव्हायजरच्या सेटिंगमध्ये, व्हीएम बंद करून. विंडोजच्या आत कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्येही पत्ता लिहायची जागा असते, ती सोडून द्या. आत एक पत्ता आणि बाहेर दुसरा झाला की हायपरव्हायजर त्या फ्रेम संशयाने अडवू शकतो, आणि सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही की तो कुठे लिहिला होता.

यादृच्छिक निवडलेले दोन पत्ते योगायोगाने सारखे येतील का?

लहान कार्यालयात त्याची काळजी नको. तीन जोड्या यादृच्छिक असतील तर १०० व्हीएममध्ये कुठल्याही दोन सारख्या निघण्याची शक्यता साधारण ३,४०० मध्ये एक. १,००० व्हीएमला ती सुमारे ३ टक्के होते आणि ४,८०० च्या आसपास निम्म्यावर जाते. तेही सगळ्या एकाच व्हीलॅनवर (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर) असतील तरच त्रास. आपल्याकडे सारखे पत्ते जवळजवळ नेहमी कॉपीमुळे येतात, योगायोगाने नाही.

व्हीएमचं फोल्डर कॉपी करून दुसरी व्हीएम बनवली. पत्ता बदलतो का?

ते तुम्ही कॉपी कशी केली यावर आहे.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन कॉपी केलेली व्हीएम पहिल्यांदा उघडताना विचारतं : ही हलवली की कॉपी केली? हलवली म्हटलं तर जुनी ओळख आणि जुना मॅक तसाच राहतो. कॉपी केली म्हटलं तर नवा यूयूआयडी आणि नवा मॅक मिळतो. घाईत पहिलं बटण दाबलं जातं, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका क्लिकमधून होतो. एक मात्र खरं : पत्ता हाताने, स्टॅटिक म्हणून दिलेला असेल तर कॉपी म्हटलं तरी तो बदलत नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये क्लोन करताना किंवा फाइल इम्पोर्ट करताना मॅक अ‍ॅड्रेस पॉलिसी नावाची यादी येते. तिथे सगळ्या कार्डांना नवे पत्ते द्यायचा पर्याय निवडा. केव्हीएमवर व्हर्ट-क्लोन नवा पत्ता देतं. पण एक्सएमएल फाइल काढून, नाव आणि यूयूआयडी बदलून पुन्हा घातली तर मॅकची ओळ जुनीच राहते. ती ओळ पुसून टाका, लिबव्हर्ट नवी लिहितं.

गोव्यात अनेक विक्रेते आपलं सॉफ्टवेअर तयार व्हीएम म्हणून देतात आणि पेन ड्राइव्हवरचं तेच फोल्डर प्रत्येक ग्राहकाकडे उतरवतात. एकाच ग्राहकाकडे दोन काउंटरसाठी दोन प्रती उतरवल्या की दोन्हींचा मॅक एकच असतो. विक्रेत्याचा माणूस निघण्याआधी दोन्हींचे पत्ते शेजारी ठेवून बघा.

दोन व्हीएमचा मॅक एकच झाला हे कसं ओळखायचं?

लक्षणं फसवी असतात. नेटवर्क पूर्ण बंद पडत नाही. थोडा वेळ नीट चालतं, मग पिंग तुटतं, मग आपोआप परत येतं. रिमोट डेस्कटॉप मधेच गोठतो. एक व्हीएम बंद केली की दुसरी अगदी सुरळीत चालते, आणि ही सगळ्यात भरवशाची खूण.

आत काय होतं ते असं. कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आहे हे स्विच आलेल्या फ्रेम बघून शिकतो आणि तक्त्यात लिहून ठेवतो. पहिल्या व्हीएमने फ्रेम पाठवली की तो पत्ता पोर्ट ३ वर लिहिला जातो. दुसरीने पाठवली की पोर्ट ७ वर. जी शेवटची बोलली तिच्याकडे दोघींची फ्रेम जाते. चांगल्या स्विचच्या लॉगमध्ये हा पत्ता या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारतोय, अशी स्पष्ट नोंद येते. साध्या, बिनव्यवस्थापनाच्या स्विचवर ती सोय नसते.

दोन्ही व्हीएम डीएचसीपीवर (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेवर) असतील तर गुंता वाढतो. सर्व्हरला एकच मॅक दिसतो म्हणून तो दोघींना एकच आयपी देतो. आणि अशा वेळी विंडोजचा आयपी कॉन्फ्लिक्टचा इशारा येत नाही, कारण हा आयपी दुसऱ्या कुणाकडे आहे का हे तपासताना येणारं उत्तर आपल्याच मॅकचं वाटतं. इशारा आला नाही म्हणून मॅकवरचा संशय सोडू नका.

पावसाळ्यात हे दुखणं हटकून वर येतं. एरवी एक व्हीएम चालू असते, तिची जुनी प्रत बॅकअप म्हणून बंद पडलेली असते. जूनमध्ये वीज जाते, यूपीएस संपतो, वीज आल्यावर सर्व्हर उठतो आणि आपोआप सुरू व्हायची खूण असलेल्या सगळ्या व्हीएम एकदम चालू होतात, त्यात ती प्रतही. लोक म्हणतात विजेच्या झटक्याने स्विच गेला. स्विच बदलण्याआधी कुठल्या व्हीएम चालू आहेत ते मोजा. बॅकअपच्या प्रतीचं आपोआप सुरू होणं बंद ठेवा, किंवा तिचं कार्ड डिस्कनेक्ट करून ठेवा.

मॅक वेगळे आहेत, तरी दोन क्लोनना एकच आयपी मिळतोय. हे कसं?

उबुंटू १८.०४ पासूनच्या सर्व्हर आवृत्त्यांत हा अनुभव फार येतो. तिथे डीएचसीपीला ओळख म्हणून मॅक पाठवला जात नाही. मशीन-आयडीवरून बनवलेली वेगळी ओळख पाठवली जाते. मशीन-आयडी ही डिस्कवरची फाइल असल्यामुळे क्लोनमध्ये जशीच्या तशी येते. डीएचसीपी सर्व्हर ओळख बघतो, मॅक नाही, आणि दोघींना एकच लीज, म्हणजे एकच आयपी, देतो.

साच्यासाठी ठेवलेली व्हीएम बंद करण्याआधी ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा, पण डिलीट करू नका. क्लोन पहिल्यांदा सुरू होताना नवी आयडी लिहिते. किंवा नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये डीएचसीपीची ओळख मॅकवरून घ्यायला सांगा. पहिला उपाय जास्त चांगला, कारण मशीन-आयडी इतर ठिकाणीही वापरली जाते.

क्लोन केल्यावर जुन्या लिनक्समध्ये नेटवर्कच येत नाही.

सेंटओएस ६ च्या काळातल्या मशीन असतील तर यूडेव्हच्या (कार्डांना नावं देणाऱ्या भागाच्या) नियमांच्या फाइलमध्ये जुन्या मॅकपुढे ईटीएच० लिहिलेलं असतं. नव्या मॅकचं कार्ड ईटीएच१ होतं आणि सेटिंग मात्र ईटीएच० साठीच असतं. ती नियमांची फाइल पुसा, कार्डाच्या सेटिंगमधली हार्डवेअर अ‍ॅड्रेसची ओळ काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

सर्व्हर बदलला आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स चालेना.

इंजिनिअरिंगची आणि डिझाइनची पुष्कळ सॉफ्टवेअर लायसन्स सर्व्हरच्या मॅकला बांधलेली असतात. चवथीच्या सुट्टीत कार्यालय बंद असतं म्हणून सर्व्हर बदलायचं काम तेव्हाच काढलं जातं, आणि सोमवारी लोक कामावर आल्यावर लायसन्स नाकारलं जातं. विक्रेत्याचं कार्यालयही सुट्टीवर असतं.

व्हीएम हलवण्याआधी तिचा मॅक लिहून घ्या आणि नव्या जागी हाताने तोच द्या. जुनी व्हीएम पुन्हा चालू होणार नाही याची खात्री करा. सर्व्हर खरोखर हलवला असेल तर हे रास्त आहे. त्याच पत्त्याने दोन ठिकाणी दोन प्रती चालवणं हा लायसन्सचा भंग आहे, कुणी सांगितलं तरी करू नका. लायसन्स सर्व्हरसाठी पहिल्यापासूनच स्टॅटिक मॅक द्यावा, म्हणजे ही वेळच येत नाही.

लाइव्ह मायग्रेशनमध्ये पत्ता बदलतो का?

चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर जाते तेव्हा मॅक तोच राहतो, राहायलाच हवा. पोहोचल्यावर नवा होस्ट तिच्या वतीने एक छोटी ब्रॉडकास्ट फ्रेम सोडतो, म्हणजे स्विच आपला तक्ता लगेच सुधारतो. नाहीतर स्विचला जुनी नोंद विसरायला अनेकदा ३०० सेकंद लागले असते. हायपर-व्हीवर डायनॅमिक मॅक असलेली व्हीएम दुसऱ्या होस्टवर गेल्यानंतर बंद करून पुन्हा चालू केली तर नव्या होस्टच्या रेंजमधला पत्ता घेऊ शकते. डीएचसीपीचं रिझर्व्हेशन (मॅकला बांधून ठेवलेला आयपी) त्या दिवशी चुकतं. क्लस्टरमध्ये स्टॅटिकच ठेवा.

कॉलेजच्या लॅबमध्ये होस्टला नेट मिळतं, व्हीएमला मिळत नाही.

स्विचवर पोर्ट सिक्युरिटी लावलेली असणार : एका पोर्टवर एकच मॅक. होस्ट आधी बोलला, त्याची नोंद झाली, व्हीएमची फ्रेम स्विचने टाकून दिली. काही ठिकाणी पोर्टच बंद होतो आणि होस्टचंही नेट जातं. नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना भेटून त्या पोर्टची मर्यादा वाढवून घ्या. तोवर व्हीएम नॅटवर ठेवा. होस्टचाच मॅक व्हीएमला देऊन मर्यादा चुकवायचा मार्ग मुलं शोधून काढतात. त्याने दोन्हींचं नेट बिघडतं.

लॅपटॉपच्या वाय-फायवर ब्रिज लावला की व्हीएमला आयपी का मिळत नाही?

वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट जोडणी करताना एका मॅकशी बोलणी करतो आणि त्याच मॅकच्या फ्रेम स्वीकारतो. व्हीएमचा दुसरा मॅक त्याला अनोळखी. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर बाहेर जाताना मॅक बदलून यातून वाट काढतात, पण ते सगळीकडे चालतंच असं नाही. केबल लावा, नाहीतर नॅट वापरा.

व्हीएमच्या आत दुसरी व्हीएम चालवली तर आतलीला नेट मिळत नाही.

बाहेरच्या हायपरव्हायजरला एका कार्डामागून एकच पत्ता अपेक्षित असतो. आतल्या व्हीएमचा पत्ता वेगळा, म्हणून तो खोटा धरून फ्रेम अडवली जाते. हायपर-व्हीवर त्या कार्डासाठी मॅक स्पूफिंगला परवानगी द्या. व्हीएमवेअरच्या पोर्टग्रुपवर (व्हर्च्युअल स्विचच्या पोर्टांच्या गटावर) फोर्ज्ड ट्रान्समिट्स आणि प्रॉमिस्क्युअस मोड चालू करावे लागतात. हे सरावाच्या वेगळ्या पोर्टग्रुपवरच करा. बिलिंगच्या नेटवर्कवर प्रॉमिस्क्युअस मोड चालू ठेवला तर तिथल्या कुठल्याही व्हीएमला बाकीच्यांची रहदारी वाचता येते.

क्लाउडवर मॅक निवडता येतो का?

मोठ्या क्लाउडवर नाही, आणि त्याची गरजही सहसा पडत नाही. गुगल क्लाउडमध्ये पत्ता ४२:०१ ने सुरू होतो आणि पुढे आतला आयपी हेक्समध्ये असतो : १०.१२८.०.२ चं ४२:०१:०ए:८०:००:०२. अ‍ॅमेझॉनवर मॅक सर्व्हरचा नसतो, नेटवर्क इंटरफेसचा असतो. तो इंटरफेस काढून दुसऱ्या सर्व्हरला लावला की मॅकही त्याच्याबरोबर जातो. मॅकला बांधलेलं लायसन्स तिथे टिकवायचं असेल तर हाच रस्ता.

माझ्या व्हीएमचा मॅक इंटरनेटवर कुणाला दिसतो का?

नाही. राउटरपर्यंतच तो जातो, पुढच्या टप्प्यावर नवी फ्रेम बनते. जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही६ पत्त्यात मॅक मिसळलेला असायचा, आता बहुतेक सिस्टिम तसं करत नाहीत.

होस्टवर एफई:५४:०० ने सुरू होणारे पत्ते दिसतात. हे कुठून आले?

केव्हीएमवर प्रत्येक व्हीएमच्या कार्डाचं होस्टच्या बाजूला एक टोक असतं. लिबव्हर्ट त्याला व्हीएमचाच पत्ता देतं, फक्त पहिली जोडी ५२ च्या जागी एफई करून. कारण लिनक्सच्या ब्रिजला वेगळा पत्ता लावून दिला नसेल तर तो आपल्या पोर्टांपैकी सगळ्यात लहान मॅक स्वतःचा म्हणून घेतो. टोकाचा पत्ता लहान असता तर व्हीएम चालू-बंद करताना ब्रिजचा, पर्यायाने होस्टचा मॅक बदलला असता. एफई सगळ्यात मोठ्या पत्त्यांपैकी आहे, म्हणून ती अडचण टळते.

स्विचच्या लॉगमध्ये एक अनोळखी पत्ता सापडला. तो कुठल्या व्हीएमचा हे कसं शोधायचं?

पहिल्या तीन जोड्यांवरून हायपरव्हायजर ओळखा : ००:१५:५डी असेल तर हायपर-व्ही, ५२:५४:०० असेल तर केव्हीएम, ०८:००:२७ असेल तर कुणाच्या तरी पीसीवरचं व्हर्च्युअलबॉक्स. हायपर-व्ही असेल तर चौथी-पाचवी जोडी दशमानात बदला, होस्टच्या मूळ आयपीचे शेवटचे दोन आकडे समोर येतात. मग स्विचच्या तक्त्यात तो पत्ता कुठल्या पोर्टवर आहे ते बघा आणि त्या पोर्टच्या केबलचं दुसरं टोक गाठा. त्या होस्टवर व्हीएमची यादी काढून पत्ते पडताळा. हायपर-व्हीवर पॉवरशेल सगळ्या व्हीएमच्या कार्डांचे पत्ते एका कमांडमध्ये दाखवतं, केव्हीएमवर व्हर्श ही कमांड दाखवते, व्हीएमवेअरवर प्रत्येक व्हीएमच्या सेटिंगमध्ये तो असतो.

सापडला की लगेच नोंदवहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा : पत्ता, व्हीएमचं नाव, होस्ट, व्हीलॅन, पत्ता आपोआप मिळालेला की हाताने दिलेला, आणि त्यावर कुठलं लायसन्स किंवा डीएचसीपी रिझर्व्हेशन अवलंबून आहे. त्या फाइलची एक छापील प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवा, कारण तिची गरज पडते तेव्हा फाइल सर्व्हरच बंद असू शकतो.